मातीने पाणी धुता येते काय?



टेबलावरच्या या दोन बाटल्यांकडे आपले लक्ष गेलेच असेल. दोहोंत मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग सारखाच घातला होता. व्याख्यानापूर्वी एकीत मी देशावरची काळी माती टाकून ती हलविली. आता वरचे पाणी पाहा. निळाई उतरून तळच्या मातीस चिकटली आहे. मातीने पाणी गढूळ होते हे आपण जाणतो. तीच माती पाणी धुतेही, हे चटकन पटत नाही.

यात जादू नाही. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे पापुद्रे इतके पातळ, की एका ग्रॅमातले सारे पापुद्रे पसरले तर सातशे-आठशे चौरस मीटर पृष्ठभाग भरावा. त्यांवर ऋण विद्युत्भार असतो. म्हणून शिसे आणि सांडपाण्यातला अमोनिया त्यांस धरून राहतो. 1850 साली इंग्लंडात जॉन टॉमस वे यांनी दाखविले, की माती अमोनिया ठेवून घेते आणि बदल्यात चुना सोडते. म्हणजे हा देवघेवीचा व्यवहार झाला.

आता कोणी म्हणेल, नाल्याच्या तोंडाशीच ही स्वस्त माती टाकू या. तेथे ती फसेल. आपल्या गावाच्या नावातच खार आहे! भरतीचे पाणी मिसळले, की त्यातले मीठ मातीवरचा बराचसा अमोनिया ढकलून देते. शिवाय नुसती काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी झिरपू देत नाही. रोगजंतूंच्या बाबतीत तर तिच्यावर विसंबूच नये.

तेव्हा खारे पाणी लागण्यापूर्वी, मोऱ्यांचे पाणी जेथे एकत्र येते तेथेच, वाळू व मुरूम मिसळलेल्या मातीचा वाफा हवा. पवईच्या आय.आय.टी.त प्रा. एच. एस. शंकर यांनी मातीच्या अशाच वाफ्यांची पद्धत विकसित केली. त्यांत जिवाणू आणि गांडुळेही राबतात. मातीने धरलेला अमोनिया जिवाणू पचवितात व माती पुन्हा कामास येते. कोकणातला जांभाही उपयोगी; त्यातले लोखंड साबणपाण्यातला फॉस्फेट धरते.

माती स्वस्त, पण जागा? मासळी वाळवावयास, होड्या ओढावयास येथे आधीच जागा पुरत नाही. वलांड्यांची जागा घेऊन वाफा घाला, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? कोणता कोपरा देता येईल ते आपण, विशेषतः मासळी वाळविणाऱ्या बायांनी, बसून ठरवावे. आखणी करून द्यावयास मी येईन.