गोष्टीचा कणा आणि संकटातून तरलेल्यांच्या खऱ्या कथा
(हट्टा येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्राथमिक शाळेत गोष्टीवाचून दिवस जात नाही. भाषेच्या तासाला गोष्ट असते, इतिहासाच्या तासाला असते, आणि पावसामुळे वर्ग आवरेनासा झाला म्हणजे तर असतेच असते. गोष्ट संपली की एक प्रश्न ठरलेला असतो : ‘ह्या गोष्टीपासून काय बोध मिळतो?’ उत्तरही ठरलेले असते. ‘खोटे बोलू नये’, ‘धीर सोडू नये’, ‘एकीचे बळ मोठे’. उत्तर चुकीचे नसते. परंतु ते देण्यासाठी मुलाने गोष्ट ऐकलेलीच असली पाहिजे असे नाही. शेजारच्या मुलाचे ऐकूनही ते देता येते. बोधाच्या आधी गोष्ट समजली पाहिजे, आणि गोष्ट समजणे म्हणजे तिचे कथानक व तिच्यातील संघर्ष समजणे होय.

प्रथम कथानकाचा विचार करू. एकामागून एक घडलेल्या प्रसंगांची यादी म्हणजे कथानक नव्हे. ‘विहीर आटली. नंतर रामजीने गाव सोडले.’ ही नुसती हकीकत झाली. ‘विहीर आटली, मळा वाळला, सावकाराचे देणे फिटेना, म्हणून रामजीने गाव सोडले.’ हे कथानक झाले. दोहोंत भेद आहे तो ‘नंतर’ आणि ‘म्हणून’ ह्या दोन शब्दांचा. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर ह्यांनी १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत हाच भेद मांडला आहे. आणि गोष्टीला आरंभ, मध्य व शेवट असावा, तिचा एखादा भाग काढला तर सारी रचना ढासळावी, असे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल ह्याने त्याच्याही दोन हजारांहून अधिक वर्षे आधी सांगून ठेविले आहे.

ही कसोटी दुसरीच्या वर्गातही लावता येते. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घ्यावी. ‘म्हातारी लेकीच्या घरी राहिली हा भाग काढून टाकला तर काय होईल?’ असे मुलांना विचारावे. मुले विचार करतात आणि सांगतात, ‘मग ती लठ्ठ होणार नाही’, ‘मग भोपळा कोण देणार?’ म्हणजेच तो भाग काढता येत नाही. उलट, वाटेत तिला किती झाडे दिसली हे गाळले तरी गोष्टीचे काही बिघडत नाही. काय गाळता येते आणि काय गाळता येत नाही हे ज्या मुलाला कळले, त्याला कथानक कळले. व्याख्या पाठ करून घेण्याची मग गरज उरत नाही.

आता संघर्ष. हा शब्द ऐकताच मुलांच्या डोळ्यांपुढे मारामारी उभी राहते. पण एकाला काही हवे आहे आणि ते मिळण्याच्या आड काही आले आहे, एवढ्यानेच संघर्ष उभा राहतो. म्हातारीला लेकीकडे जाऊन सुखरूप परतावयाचे आहे. वाघ आडवा आला आहे. हा आडवा येणारा कधी माणूस असतो, कधी पाऊसपाणी, कधी समाजाची रूढी, तर कधी स्वतःचेच मन. १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकविण्यास जाणाऱ्या सावित्रीबाई फुले ह्यांना शेणमातीचा मारा सोसावा लागला. तेथे त्यांच्या वाटेत कोणी एक मनुष्य उभा नव्हता. सारी रूढी उभी होती. परीक्षेत शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहावे की पाहू नये, अशा विचारात पडलेल्या मुलाचा संघर्ष मात्र त्याच्या स्वतःशीच असतो. संघर्ष कोणताही असो, तो वळण घेतो एका ठिकाणी : जेथे कोणीतरी काही ठरवितो. म्हणून गोष्टीत ‘पुढे काय झाले?’ ह्या प्रश्नाइतकाच ‘त्याने काय ठरविले?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

येथवरचे विवेचन कल्पित गोष्टींपुरते झाले. खऱ्या घडलेल्या, विशेषतः प्राणसंकटातून तरलेल्या माणसांच्या कथा वर्गात आल्या म्हणजे शिक्षकाचे काम अधिक नाजूक होते.

मराठीत अशा लेखनाचा एक उत्तम नमुना आहे. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे दरिद्री भिक्षुक डोक्यावरचे कर्ज फेडण्यासाठी १८५७ साली काकांना सोबत घेऊन उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. वाटेतच त्यांना बंडाने गाठले. १८५८ च्या वसंतात इंग्रजांनी झाशीला वेढा घालून शहर घेतले तेव्हा ते तेथेच होते. लपूनछपून त्यांनी प्राण वाचविले. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना थकलेली, धुळीने माखलेली झाशीची राणी भेटली. भटजी पाणी शेंदून देऊ लागले असता तिने ते नाकारून स्वतः पाणी शेंदले आणि ओंजळीने प्याली. मिळविलेले द्रव्य वाटेत पुन्हा पुन्हा लुटले गेले. तरीही गंगेची कावड घेऊन ते घरी पोचले आणि आईवडिलांना त्या उदकाने स्नान घालते झाले.

कथानकाच्या दृष्टीने पाहिले तर ह्या प्रवासात सर्व काही आहे. हवे आहे द्रव्य. आड आले आहे युद्ध. द्रव्यासाठी निघालेला मनुष्य पुढे केवळ जिवासाठी धडपडतो, आणि शेवटी द्रव्याऐवजी आणतो पाणी. एखाद्या कुशल कथाकाराने रचावी तशी ही रचना आहे. पण ती कोणी रचलेली नाही. ह्या पुस्तकाची पुढची हकीकतही शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. भटजींनी लिहिलेला हा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य ह्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ ह्या नावाने प्रसिद्ध केला, तो काही फेरफार करून. मूळ हस्तलिखिताप्रमाणे पुस्तक १९६६ साली दत्तो वामन पोतदार ह्यांच्या संपादनाने बाहेर आले. खऱ्या कथेत कोणी किती हात घालावा, हा प्रश्न विद्वानांनाही पडला होता. तो प्राथमिक शिक्षकालाही पडावयास हवा.

कारण वर्गात हा हात फार सहज घातला जातो. कल्पित गोष्टीत म्हातारी युक्तिवान म्हणून वाचते. ते ऐकून मूल मनाशी एक नियम बांधते : जो शहाणा तो वाचतो, जो धीराचा तो तरतो. खऱ्या कथेलाही हाच नियम लावला, तर त्याची दुसरी बाजू आपोआप त्याच्या मनात उतरते : जो वाचला नाही तो शहाणा नव्हता, धीराचा नव्हता. झाशीच्या गल्ल्यांत मेलेली माणसे गोडसे भटजींहून कमी धीराची होती काय? हे शिक्षकाने बोलून दाखविले नाही, तर मूल ते स्वतःहून म्हणणार नाही. पण मनात धरून ठेवील.

मराठवाड्यात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेतच गेली. ती का गेली? मातीत बसविलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी तेथील घरे होती. ती अंगावर कोसळली. कुडाच्या झोपडीत निजलेले अनेक जण वाचले, कारण त्यांच्या डोक्यावर माळवद नव्हते. ज्याचे घर भक्कम म्हणून गावात मान होता तो गेला आणि ज्याला भिंत बांधण्याची ऐपत नव्हती तो वाचला, असेही घडले. ह्यात गुणदोषांचा हिशेब कोठेच नाही. पण कार्यकारणाचा हिशेब आहे, आणि कथानक म्हणजे तोच हिशेब.

त्याच भूकंपात मंगरूळ गावी दीड वर्षाची एक मुलगी अनेक दिवसांनंतर ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. ही कथा वर्गात सांगितली तर मुले हरखून जातात, आणि तेव्हाच विचारावयास हवे, ‘येथे कोणी काय ठरविले?’ त्या बालिकेने काहीच ठरविले नव्हते. ठरविण्याचे तिचे वयच नव्हते. ठरविले ते आशा सुटत चालली असतानाही दगड उचलीत राहिलेल्या जवानांनी. म्हणजे ह्या गोष्टीचा नायक ढिगाऱ्याखाली नसून ढिगाऱ्यावर आहे. तरणाऱ्याइतकाच तारणारा पाहावयास शिकविणे, हे अशा कथांचे मोठे फळ आहे.

वसमत व औंढा भागातील मुलांना तर ह्याची विशेष गरज आहे. पांगरा शिंदे व आसपासच्या गावांत जमिनीतून येणारे गूढ आवाज ह्या मुलांनी ऐकले आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा ती घराबाहेर धावली आहेत. अशा मुलाला ‘धीर सोडू नये’ एवढाच बोध पुरणार नाही. किल्लारीत माणसे कशामुळे गेली आणि कशामुळे वाचली, ही कारणांची साखळी त्याच्या हाती दिली, तर भिंत, माळवद, दाराची वाट, मोकळे अंगण ह्यांकडे ते निराळ्या दृष्टीने पाहू लागेल. नुसत्या भीतीने मूल रात्री जागे राहते. कारण कळले म्हणजे ते काहीतरी करू शकते.

प्रत्यक्ष अध्यापनासाठी फळ्यावर चार प्रश्न लिहावेत. कोणाची गोष्ट? त्याला काय हवे? आड काय आले? त्याने काय ठरविले आणि त्यामुळे काय बदलले? पहिली-दुसरीत हे प्रश्न तोंडी पुरेत. कथा खरी असेल तेव्हा आणखी दोन प्रश्न जोडावेत : मदत कोणी केली? आणि जे वाचले नाहीत ते कशामुळे वाचले नाहीत? हा सहावा प्रश्न विचारताना आवाज हळू असावा आणि उत्तराची घाई नसावी. ज्या मुलाच्या घरी मृत्यू घडला आहे त्याला ह्या प्रश्नासाठी उभे करू नये. ते आपण होऊन बोलले तर ऐकून घ्यावे, आणि त्याच्या बोलण्यातून बोध काढू नये.

चौथीच्या पुढच्या वर्गांना एक काम द्यावे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून गावात आहेत. दुष्काळी कामावर खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, मिलोच्या तांबड्या भाकरी थापलेली आजी एखाद्या मुलाच्या घरीच असेल. तिच्याजवळ बसून तिची हकीकत मुलाने तिच्याच शब्दांत लिहून आणावी. शुद्धलेखन सुधारावे, आजीची भाषा सुधारू नये. पुस्तकी मराठीत आणली की त्या हकीकतीतील खडीचा आवाज नाहीसा होतो. तिने जे विसरले म्हणून सांगितले ते कोरे राहू द्यावे, आणि कल्पनेने भरू नये. मग वर्गात वाचन होऊन त्या हकीकतीला फळ्यावरचे सहा प्रश्न लावावेत. मुलांना असे आढळेल की आजीने एकटीने दुष्काळ जिंकला नव्हता. कामावर नाव घालणारा कोणी होता, मूल सांभाळणारी कोणी जाऊ होती, अर्धी भाकर देणारी कोणी शेजारीण होती. आणि त्या वर्षी गोठ्यातून गेलेल्या बैलाचे नाव आजीला अजून आठवते, हेही आढळेल.

असे काम केलेला वर्ग शिक्षकाने वर्षअखेर पुन्हा जुन्या गोष्टीकडे न्यावा आणि बोध विचारावा. उत्तरे थोडी उशिरा येतील आणि एकमेकांसारखी असणार नाहीत. एखादे मूल उत्तराऐवजी उलट प्रश्नच विचारील. त्या मुलाला गोष्ट समजली असे खुशाल समजावे.