मास्तरांची पेन्शन आणि आपला भिजलेला कडबा

(लोणावळा येथील कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून चर्चेला घेण्यासाठी छापत आहोत.)



परभणी, जालना, यवतमाळकडून रात्रभर गाडीत अंग मोडून तुम्ही इथवर आलात. या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे आठशे पडला तर पोळा दणक्यात होतो. पण इथले पाणी टाटांच्या धरणांतून घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात जाते, १९१५ पासून जाते आहे, आणि मावळातल्या वाड्यावस्त्यांवरच्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरतात. पाऊस कमी म्हणून शेतकरी गरीब, हे आम्हाला कृषी महाविद्यालयात शिकवले होते. ज्याने शिकवले त्याने मावळ पाहिले नसावे. असो.

आज मला बोलायचे आहे ते शिक्षकांच्या आणि सरकारी नोकरांच्या पेन्शनच्या लढ्याबद्दल. विषय सांगितल्याबरोबर मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, ती मला ऐकू आली. "पगार त्यांचे, पेन्शन त्यांची, आम्ही काय करायचे?" हाच प्रश्न मला घ्यायचा आहे. तुमच्या मनातला राग मी ओळखतो, कारण तो माझ्याही मनात होता.

मार्च २०२३ आठवा. १४ तारखेला राज्यातले सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. १७-१८ लाख लोक संपात आहेत असे त्यांच्या संघटना सांगत होत्या. "एकच मिशन, जुनी पेन्शन" अशा टोप्या घालून मोर्चे निघाले. आणि त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट आली. आमच्या गावात रब्बीची ज्वारी काढणीला आलेली. काही उभी, काही काढून शेतात पसरलेली. एका रात्रीत उभी होती ती आडवी झाली, काढलेली भिजली. दाणा काळा पडला. कडबा तर असा झाला की जनावर तोंड लावीना. सकाळी मी तलाठ्याला फोन केला. तलाठी संपावर. ग्रामसेवक संपावर. कृषी सहायक संपावर. पंचनामा करायला माणूस नाही. एक म्हातारा मला म्हणाला, "अरे, यांना म्हातारपणाची काळजी आहे, मग मी काय पोरगा आहे का?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या रात्री मी माझ्या धाकट्या भावाला फोन केला. तो शिक्षक आहे आणि तोही संपात होता. मी त्याला वाटेल ते बोललो. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "दादा, कडबा माझाही भिजलाय. वावर दोघांच्या नावावर आहे."

हा भाऊ २०१० मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला. लागला म्हणजे काय, शिक्षण सेवक म्हणून लागला. महिना ३००० रुपये मानधन, तीन वर्षे. शिक्षण सेवक ही योजना २००० सालची. त्या काळात कापूस वेचायला येणारी मजूर बाई हंगामात याच्याहून बरे कमवत होती, आणि मी त्याला तसे चिडवतही होतो. २०१२ च्या सुमाराला त्याचे ६००० झाले आणि त्यावर सरकारने दहा-अकरा वर्षे काढली. २०२३ मध्ये प्राथमिकला १६ हजार झाले. आज भाऊ इथूनच पुढे, पवन मावळात, एका वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. पटावर चौदा पोरे. कातकऱ्यांची, ठाकरांची, धनगरांची. त्यांच्या शाळेबद्दल पुढे बोलतो, आधी पेन्शनचे गणित समजून घेऊ, कारण ते आपल्याच गणितासारखे आहे.

१ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर जो राज्याच्या नोकरीत लागला, त्याला जुनी पेन्शन नाही. केंद्राने हे १ जानेवारी २००४ पासूनच केले होते. जुन्या पद्धतीत निवृत्तीच्या वेळच्या पगाराच्या निम्मी रक्कम, त्यावर महागाई भत्ता, मरेपर्यंत, आणि मागे राहिलेल्या बाईला कुटुंब निवृत्तिवेतन. त्यासाठी पगारातून कपात नाही. नव्या पद्धतीत दरमहा १० टक्के पगारातून कापायचे, सरकारने आपला हिस्सा घालायचा, ती रक्कम बाजारात गुंतवायची, आणि निवृत्तीच्या वेळी बाजार जे देईल ते घ्यायचे.

आता कापूसवाल्याला हे वेगळे समजावून सांगायला हवे का? जुनी पेन्शन म्हणजे हमीभावाने खरेदी. नवी पेन्शन म्हणजे माल व्यापाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचा आणि तो म्हणेल तो भाव. वर त्या कपातीचा हिशेब वर्षानुवर्षे हातात पडला नाही, अशी शिक्षकांची तक्रार. आपल्यातल्या जुन्या माणसांना कापूस एकाधिकार खरेदीतली चुकाऱ्यातून होणारी कपात आठवत असेल. पैसा आपला, नाव निधीचे, आणि परत मागायला गेले की खिडकी बंद.

कुणी म्हणेल, आपण तर खुल्या बाजाराची मागणी करणारे लोक. हो, केली आणि करतो. पण आपला माल कुठे विकायचा याचे स्वातंत्र्य मागणे वेगळे आणि माणसाचे म्हातारपण शेअरबाजारावर टाकणे वेगळे.

मुख्य मुद्दा आता सांगतो. २००५ साल लक्षात ठेवा. त्या वर्षी मास्तरांची पेन्शन गेली. आणि त्याच वर्षीच्या हंगामात कापसावर हमीभावाशिवाय क्विंटलला ५०० रुपये आगाऊ बोनस मिळायचा, तोही सरकारने बंद केला. एकाच हंगामात दोघांच्या पोटावर पाय. आपल्याला सांगितले की नोकरांच्या पगारावर सगळा पैसा जातो म्हणून तुम्हाला देता येत नाही. त्यांना सांगितले की विकासाला, गरिबांना पैसा लागतो म्हणून तुम्हाला देता येत नाही. पुढच्या वर्षी, जुलै २००६ मध्ये, पंतप्रधानांना विदर्भात येऊन पॅकेज जाहीर करावे लागले, कारण तोपर्यंत आपल्या घराघरांत काय चालले होते ते साऱ्या देशाला कळले होते. पेन्शन कापून वाचलेला पैसा जर आपल्याकडे वळणार होता, तर त्या वर्षी वळायला हवा होता.

याचा अर्थ तिजोरीचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हणत नाही. राज्याच्या महसुलातला निम्म्याहून अधिक पैसा पगार, पेन्शन आणि कर्जाच्या व्याजात जातो, हे खरे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. तो आकडा कसा काढला यावर वाद घालता येईल. पण बोजा येणार हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि जो शिक्षक नेता ते नाकारतो तो आपल्याला मूर्ख समजतो. माझा प्रश्न एवढाच की तिजोरीत खडखडाट झाला की पहिली कात्री नेहमी म्हातारपणाला आणि शेतमालालाच का लागते? पेन्शन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सांगितले आहे. शेतकऱ्याच्या घामाबद्दल असा निकाल अजून कुठल्या न्यायालयाने दिलेला नाही.

आता त्यांनी लढा कसा उभारला ते पाहा. हे मी तुम्हाला मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण यात शिकण्यासारखे आहे. या लोकांना संपाची परंपरा आहे. १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली ५४ दिवसांचा संप झाला होता. दुसरे, त्यांची नस त्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बारावीची परीक्षा सुरू झाली आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांनी उत्तरपत्रिका तपासायला नकार दिला. आठ-दहा दिवसांत मंत्री चर्चेला बसले. तिसरे, विधान परिषदेत शिक्षकांचे ७ मतदारसंघ आहेत. डिसेंबरात सभागृहात "नाही" म्हणून सांगितलेली गोष्ट जानेवारीच्या प्रचारात "आम्हीच देऊ शकतो" अशी झाली. तरीही २ फेब्रुवारीला नागपूरच्या शिक्षक मतदारसंघात सत्ताधाऱ्यांच्या पाठिंब्याचा उमेदवार पडला. शेतकऱ्यांसाठी असा एकही मतदारसंघ नाही. आपण सगळ्याच मतदारसंघांत आहोत, म्हणून कुठल्याच नाही.

मार्चचा संप सात दिवस चालला. एक प्राथमिक शिक्षक संघटना सुरुवातीलाच बाहेर पडली. २० तारखेला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी बोलणी होऊन संप मागे घेतला, तेव्हा हातात फक्त आश्वासन आणि एक समिती होती. पुष्कळ शिक्षक आपल्याच नेत्यांवर चिडले. भाऊसुद्धा चिडला होता. पण त्यांनी विषय सोडला नाही. डिसेंबरात पुन्हा संपाची हाक दिली. जानेवारी २०२४ मध्ये ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची होती त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. मार्चमध्ये सुधारित योजना जाहीर झाली: शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, त्यावर महागाई वाढ, कुटुंबाला त्याच्या ६० टक्के. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याने ती स्वीकारली. कपात मात्र राहिली, म्हणून ही जुनी पेन्शन नव्हेच असे बरेच शिक्षक म्हणतात, आणि त्यांचे खरे आहे. पण "बाजार देईल ते" यावरून "निम्मा पगार" इथवर सरकारला त्यांनी मागे आणले.

आणि आपण? इथून पुण्याकडे जाताना द्रुतगती महामार्गावर बऊर लागते. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातला शेतकरी तिथे रस्त्यावर बसला. पोलिसांनी गोळ्या घातल्या. तीन माणसे मेली, त्यांत एक बाई होती. मास्तर रस्त्यावर आला तर चर्चा, शेतकरी आला तर गोळी, असे का? सरकारला मास्तर लाडका आहे म्हणून नव्हे. औरंगाबादला ऑक्टोबर २०१६ मध्ये विनाअनुदानित शाळांच्या शिक्षकांवर लाठ्या पडल्याच होत्या. फरक असा की कर्मचारी थांबला की सरकारचे काम त्याच दिवशी थांबते. आपण थांबलो की फक्त रस्त्यावरच्या गाड्या थांबतात.

आपल्यालाही पेन्शन आहे, हे किती जणांना माहीत आहे? हात वर करा. पाहा, चार हात. प्रधानमंत्री किसान मानधन योजना, सप्टेंबर २०१९ पासून. दोन हेक्टरपर्यंतचा शेतकरी, वय १८ ते ४०. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, साठीनंतर महिना ३००० मिळणार. आज अठरा वर्षांचा पोरगा यात शिरला तर बेचाळीस वर्षांनी त्याला ३००० मिळतील. महागाई भत्ता नाही. बेचाळीस वर्षांपूर्वी ज्वारीचे पोते काय भावाने होते ते घरच्या म्हाताऱ्याला विचारा आणि बेचाळीस वर्षांनी या ३००० चे काय येईल याचा हिशेब स्वतः करा. मास्तरांच्या नव्या योजनेत दहा वर्षे नोकरी केलेल्याला किमान १० हजार आहेत. ते कमी करा असे आपण म्हणणार नाही. पण ते महागाईबरोबर वाढतात आणि आपले वाढत नाहीत, हे मात्र म्हणणार.

आता शाळेचे. ५ सप्टेंबर २०२४, शिक्षक दिनाच्या दिवशीच, सरकारने ठरवले की कमी पटाच्या शाळांतला एक शिक्षक कंत्राटी, १५ हजार रुपयांवर. २५ सप्टेंबरला शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले. भावाच्या शाळेसारख्या शाळा यातच येत होत्या. तुमच्या तांड्यावरची शाळाही येत होती. ती गेली की पोरगी घरी बसते आणि पुढच्या वर्षी कापसाच्या वेचणीला जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून जिल्हा बैठकांत तुम्ही तालुक्याच्या शिक्षक संघटनांना बोलवा आणि तोंडावर बोला. "यांची पेन्शन बंद करा" ही भाषा आपल्या व्यासपीठावरून बंद. वाडीतांड्यावरच्या शाळेसाठी ते मोर्चा काढतील तेव्हा आपली बैलगाडी त्यात असेल. त्यांच्याकडून आपण दोन गोष्टी लेखी मागू. शेतकऱ्याच्या पेन्शनला महागाईशी जोडा, ही मागणी त्यांच्या निवेदनात यावी. १२ मार्च २०२३ ला दिंडोरीहून निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चने आपल्या मागण्यांत कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन घेतली होती, तेव्हा ही परतफेड आहे. आणि दुसरी, संप कितीही मोठा असो, गारपीट झाली की पंचनाम्याला माणूस यायलाच हवा.

काल रात्री मी भावाला भेटलो, तेव्हा हे दोन्ही मुद्दे त्याला वाचून दाखवले. पहिल्याला तो लगेच हो म्हणाला. दुसऱ्यावर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दादा, मी मास्तर. पंचनामा तलाठ्याचा. त्याच्या संघटनेशी तुम्हाला वेगळे बोलावे लागेल. आणि तो विचारेल, पंचनामा चालू ठेवला तर सरकार आमच्याकडे कशाला बघेल?" मी त्याला कडब्याची आठवण दिली. तो म्हणाला, आठवतोय. तलाठ्याच्या त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे ते आज दुपारच्या गटचर्चेत ठरवायचे आहे. जेवणानंतर अडीचला इथेच बसू.