पोहण्यासाठी पाणी निवडताना



संत नामदेवांच्या या जन्मग्रामाला कयाधूचा काठ लाभला आहे. परंतु प्रौढ वयात नित्य पोहायचे तर केवळ पाणी असून भागत नाही. ते स्थिर हवे, त्याची खोली ठाऊक हवी आणि बाहेर येण्याची वाट हवी. कयाधू पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते. नित्यक्रमाला ती उपयोगी नाही.

शेततळे मोहात पाडते. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील मोठे तळे ३० मीटर लांबीचे, म्हणजे २५ मीटरच्या जलतरण तलावाहूनही मोठे. परंतु उतारावरील प्लास्टिकवर ओला पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन बुडतो. तेथे उतरूच नये.

राहते ती पायऱ्यांची विहीर. १० मीटर व्यासाच्या विहिरीत भिंतीपासून एक मीटर आत राहून घातलेली फेरी साधारण २५ मीटर भरते. ४० फेऱ्यांत एक किलोमीटर. मालकाची अनुमती, भक्कम पायऱ्या, मोटारीचा बंद केलेला वीजपुरवठा, आत सोडलेला दोर आणि काठावर पोहता येणारा सोबती, एवढे जमल्यावाचून पाण्यात पाऊल टाकू नये.

शरीर आता साथ देत नाही, असे वाटणाऱ्यांनी मुरलीकांत पेटकर आठवावेत. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेल्या या सैनिकाने १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळवले. गावातील चौघांनी उजाडल्यानंतरची एक वेळ ठरवावी. आळीपाळीने एकाने काठावर थांबावे. विहीर तीच असते; राखणारा माणूस असला की ती पोहण्याची जागा होते.