मशीन बदलण्याआधी जाळी बघा

गेल्या उन्हाळ्यात टँकर सुरू झाले आणि आमचं वॉशिंग मशीन पाणीच घेईना. मेकॅनिक म्हणाला, ‘बोर्ड गेलाय, नवीनच घ्या.’ ही म्हणाली, ‘आधी पाइप बघा.’ स्विच आणि नळ बंद करून पाइप सोडवला, तर तोंडाशी असलेल्या जाळीत गाळ! जुन्या टूथब्रशने घासली, मशीन सुरू!

फ्रंट लोडमधून पाणी बाहेर जात नसेल, तर खाली परात ठेवून तळाचा फिल्टर उघडा. नाणी, बटणं निघतात. डिशवॉशरला जड पाण्यात त्याचं वेगळं मीठ लागतं, स्वयंपाकातलं चालत नाही. नवीन मशीन घ्यायचंच असेल, तर टाकीखालच्या मजल्यावाल्यांनी पाण्याचा किती दाब लागतो, हे आधी विचारावं.