पहिल्या पानाचा मान

स्वभाव ओळखून माणसं जोडावीत कशी, हा आजचा विषय. माणसाचा पिंड ओळखण्याची धडपड फार जुनी आहे. गॅलेनने चार प्रकृती सांगितल्या, आयुर्वेदाने वात, पित्त, कफ मांडले आणि आता कंपन्या प्रश्नावल्या भरून घेतात. पण ओळखलेल्या माणसाचं पुढे काय करायचं? त्याचं उत्तर मला तुमच्याच भोर-वेल्ह्यात सापडतं.

१६५९ साली अफजलखान चालून आला, तेव्हा मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं गेली. उत्रवळीचा खंडोजी खोपडे खानाला मिळाला. कारीचे कान्होजी जेधे मात्र मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडलं. महाराजांनी या वयस्क, शब्दाला वजन असलेल्या माणसाकडे काम कोणतं दिलं? बाकीच्या देशमुखांना गोळा करण्याचं. समजूत घालणारा माणूस त्यांनी समजुतीच्याच कामाला लावला.

पुढच्या वर्षी, जुलै १६६० मध्ये महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जात असताना पाठलाग करणाऱ्या फौजेला रोखण्यासाठी घोडखिंड अडवायची होती. तिथे हिरडस मावळातले बांदल आणि सिंदचे बाजीप्रभू उभे राहिले. एकदा पाय रोवला की न हलणारी ही माणसं. बाजीप्रभूंसह कितीतरी जण तिथेच पडले.

मला सगळ्यात मोठी वाटते ती त्यानंतरची गोष्ट. दरबारात पहिल्या पानाचा, म्हणजे सगळ्यांआधीचा मान जेध्यांचा होता. महाराजांनी तो बांदलांना दिला, पण जेध्यांना विश्वासात घेऊन, असं परंपरा सांगते. मानी घराण्याचा मान काढून दुसऱ्याला देणं म्हणजे कायमचं वैर. तरी जेधे तुटले नाहीत. कारण त्यांना आधी विचारलं होतं.

एवढ्या जाणत्या राजाचाही एक शब्द जड गेला, हेही सांगायला हवं. हाती आलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानाला प्रतापराव गुजरांनी सोडून दिलं, म्हणून महाराजांनी कठोर पत्र लिहिलं. राग रास्तच होता. पण थंड डोक्याच्या सरदाराने त्या पत्रानंतर नवी मोहीम आखली असती. प्रतापराव २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला मोजक्या स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले आणि गेले. शब्द तोच, पण तापट माणसाच्या काळजात तो वेगळा रुततो.

तुमच्या भातलावणीत हे शहाणपण आजही दिसतं. चिखलणीला दमाचा गडी, रोपांच्या मुठी बांधायला सावकाश हाताची म्हातारी आणि ओळीत गाणं उचलणारी एखादी बाई. म्हातारीला कुणी मंद म्हणत नाही. तिची मूठ सुटत नाही, एवढंच सगळे जाणतात.

इथे दूधसंस्था, बचत गट, गणेश मंडळं चालवणारे बरेच जण बसले आहेत. त्यांना एकच विनंती. नव्या माणसाला पद द्याल, तेव्हा ज्याचं पद जाणार आहे त्याच्या घरी आदल्या संध्याकाळी स्वतः जा. फोनवर सांगू नका.