अनुत्तरितांची यादी



बाजारात उत्तर मिळते ते दाम मोजल्यावर. उबुंटू ही मुक्त संगणकप्रणाली २००४ साली निघाली, तेव्हापासून तिच्या असंख्य वापरकर्त्यांच्या अडचणी स्वयंसेवक विनामूल्य सोडवीत आले आहेत. परंतु दाम गेला म्हणून विषमता जात नाही. बुद्धीला आव्हान देणाऱ्या प्रश्नाभोवती जाणकार जमतात. जुन्या यंत्राविषयी, मोडक्या इंग्रजीत, अपुऱ्या तपशिलाने विचारलेला प्रश्न मागे पडतो. म्हणूनच तेथील काही स्वयंसेवकांनी केवळ अनुत्तरित प्रश्न हाती घेणारा गट उभारला.

यातही एक मेख आहे. ‘मलाही हीच अडचण आहे’, एवढे कोणी लिहिले, तरी प्रश्न शून्य उत्तरांच्या यादीतून गळतो. आकडा सुधारतो, अडचण तशीच राहते. आपल्या नियोजनाच्या अहवालांत हे आपण पुष्कळ पाहिले आहे.

रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानावरील ग्रंथात अनोळखी माणसाला दिलेल्या दानाचे सामाजिक मोल दाखविले. मी एवढेच जोडीन : दानालाही नियोजन लागते. ‘यंत्र कोणते? पडद्यावर काय उमटले?’ असे धीराने विचारीत, ज्याला आपली अडचण मांडताही येत नाही त्याच्यापाशी थांबणे, ही कोणत्याही संघटनेची कसोटी होय.