वेगवान् विद्युत्‌मोटार आणि गांवची वाट

वेग आणि वीज यांची सोयरीक आजची नव्हे. इ. स. १८९९ च्या एप्रिल महिन्यांत कामिय झेनात्झी या बेल्जियन चालकानें ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा मोटारीनें प्रथम ओलांडली, ती विजेच्याच मोटारींतून. त्या सोयरिकीचें अर्वाचीन वैभव म्हणजे मर्सिडीज कंपनीची 'ईक्यूएस ५८०' ही सेडान. पुण्याजवळ चाकण येथें जुळविलेली ही मोटार २०२२ सालीं सुमारें १ कोटि ५५ लाख रुपयांस बाजारांत आली. पांचशेंहून अधिक अश्वशक्ति, १०७.८ युनिटांची बॅटरी आणि एका भरण्यांत ८५७ किलोमीटर हा प्रमाणित पल्ला! शहरांतील सुस्थित गृहस्थास मोह पडला तर नवल नाहीं.

परंतु समजा, या गृहस्थाचे वृद्ध आईवडील जालना जिल्ह्यांत, अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी येथें राहतात. २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनामुळें या गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें. वडिलांची प्रकृति बिघडल्याचा निरोप आला, तर ही मोटार कितपत उपयोगीं पडेल?

पहिली अडचण विजेची. घरांतील १५ अँपिअरच्या सॉकेटांतून ताशीं तीन युनिटांहून थोडी अधिक वीज मिळते. त्या हिशेबानें रिकामी बॅटरी भरावयास तीस तासांहून अधिक काळ लागेल, आणि तोहि वीज मध्येंच गेली नाहीं तर. २०० किलोवॅटच्या केंद्रावर दहा टक्क्यांपासून ऐशीं टक्क्यांपर्यंत भरण्याचें काम अर्ध्या तासांत होतें खरें. परंतु वाटेंत ५० किलोवॅटचें केंद्र लाभलें तर त्याच कामास दीड तास हवा. आजारी माणूस तितका वेळ थांबेलच असें नाहीं.

दुसरी अडचण वेगाचीच. जालन्याजवळून समृद्धि महामार्ग जातो. तेथें मोटारीस ताशीं १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. म्हणजे विकत घेतलेली पुष्कळशी शक्ति निरुपयोगीच राहते. शिवाय वेग ८० वरून १२० वर नेला कीं हवेचा विरोध सव्वादोनपट होतो. त्यांत उन्हाळ्यांत गारव्याचें यंत्र चालू, मग कागदावरचा पल्ला प्रत्यक्षांत कसा उतरावा?

तिसरी अडचण देहाची. वजन अडीच टनांहून अधिक, दोन चाकांतील अंतर तीन मीटरांहून जास्त, आणि बॅटरी तळाशीं. गांवच्या रस्त्यावरील उंच गतिरोधक ओलांडतांना चालकाचा जीव मुठींत येतो. वजनामुळें आणि ओढीच्या जोरामुळें टायर लवकर झिजतात, आणि त्या मापाचा टायर खेड्यांतील पंक्चरवाल्याकडे कोठून मिळणार?

विद्युत्‌मोटार वाईट, असा याचा अर्थ नव्हे. ती धूर सोडीत नाहीं. महाराष्ट्र शासनानें २०२५ च्या धोरणांत समृद्धि महामार्गावर तिला पथकरमाफीहि जाहीर केली. मात्र घेणाऱ्यानें जाहिरातींतला पल्ला दोनतृतीयांश धरावा, गांवीं जातांना छत्रपति संभाजीनगरासारख्या मोठ्या शहरांत बॅटरी भरून घ्यावी, आणि गांवच्या घरीं स्वतंत्र जोडणीची चौकशी आधींच करावी. इतकें करूनहि हिशेब जुळत नसेल, तर कमी वेगाची, उंच बांध्याची लहान विद्युत्‌मोटार पाहावी. घरच्यांना वेळेवर दवाखान्यांत नेण्यास चार सेकंदांत शंभराचा वेग लागत नाहीं. बॅटरींत परतीपुरती वीज मात्र लागते.